मेडिकेअर भाग डी

मेडिकेअर भाग डी ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेडिकेअर या सार्वजनिक आरोग्य विमा कार्यक्रमाची औषधविषयक शाखा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून घ्यावयाच्या औषधांचा खर्च या शाखेतून भागवला जातो. ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाचे नागरिक, तसेच दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या काही व्यक्ती तिचा लाभ घेऊ शकतात. ही शाखा १ जानेवारी २००६ पासून अमलात आली असून पाच कोटींहून अधिक लोक तिच्यात नोंदलेले आहेत. रुग्णालय व वैद्यकीय सेवांचा मूळ विमा सरकार स्वतः देते. औषधविमा मात्र सरकारमान्य खाजगी कंपन्यांमार्फतच मिळतो. त्यामुळे प्रत्येक लाभार्थ्याला अनेक योजनांमधून एक निवडावी लागते. योजनांच्या अटी व औषधसूच्या दरवर्षी बदलत असल्याने ही निवड एकदाच करून संपत नाही.

## पार्श्वभूमी व इतिहास

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअर कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यावेळी विम्यात रुग्णालयाचा खर्च (भाग ए) आणि डॉक्टरांच्या सेवा (भाग बी) यांचा समावेश होता. घरी घ्यावयाच्या औषधांचा नव्हता. पुढील दशकांत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आदी आजारांवर कायमस्वरूपी औषधोपचार रूढ झाले आणि ही उणीव वृद्धांच्या खिशाला जाणवू लागली. १९८८ मध्ये काँग्रेसने औषधांचा समावेश असलेला एक कायदा संमत केला. त्याचा भार प्रामुख्याने अधिक उत्पन्न असलेल्या वृद्धांवरच पडणार असल्याने तीव्र विरोध झाला आणि १९८९ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला.

सध्याची व्यवस्था २००३ च्या मेडिकेअर आधुनिकीकरण कायद्याने निर्माण झाली. २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधीगृहात हा कायदा २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाला. त्यासाठी मतदान सुमारे तीन तास खुले ठेवण्यात आले होते. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ डिसेंबर २००३ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. औषध कंपन्यांशी किमतींबाबत वाटाघाटी करण्यास सरकारला या कायद्याने मनाई केली होती.

प्रारंभीच्या रचनेत खर्च एका मर्यादेपलीकडे गेला की विमा थांबत असे आणि बराच मोठा टप्पा रुग्णाला पूर्णतः स्वतःच्या पैशाने पार करावा लागे. हा टप्पा ‘डोनट होल’ या नावाने ओळखला जाई. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने तो क्रमाक्रमाने भरून काढण्यास सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी १६ ऑगस्ट २०२२ रोजी स्वाक्षरी केलेल्या महागाई नियंत्रण कायद्याने योजनेचे स्वरूप मोठ्या प्रमाणावर बदलले. २०२३ पासून योजनेत समाविष्ट इन्सुलिनसाठी रुग्णाने भरावयाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर झाली आणि प्रौढांसाठी शिफारस केलेल्या लसी विनामूल्य झाल्या. २०२५ पासून रुग्णाच्या वार्षिक औषधखर्चावर २,००० डॉलरची कमाल मर्यादा आली. काही औषधांच्या किमतींबाबत वाटाघाटी करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. एलिक्विस, झारेल्टो, जार्डियन्स, जानुव्हिया व एन्ट्रेस्टो यांचा समावेश असलेल्या पहिल्या दहा औषधांच्या वाटाघाटीत ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या.

## संरक्षण मिळवण्याचे मार्ग

औषधविमा मिळवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग स्वतंत्र औषध योजनेचा. मूळ मेडिकेअर कायम ठेवून ही योजना तिच्या जोडीला घेतली जाते. भाग ए किंवा भाग बी यांपैकी एक असला तरी ती घेता येते. मूळ मेडिकेअरमध्ये रुग्णाच्या वाट्याला येणारा खर्च भागवण्यासाठी अनेक जण मेडिगॅप नावाची पूरक पॉलिसी घेतात. परंतु २००६ पासून विकल्या गेलेल्या मेडिगॅप पॉलिसींमध्ये औषधांचा समावेश नसतो. त्यामुळे मेडिगॅपधारकांनाही औषध योजना वेगळी घ्यावी लागते.

दुसरा मार्ग मेडिकेअर ॲडव्हान्टेजचा. यात खाजगी कंपनी रुग्णालय, डॉक्टर व बहुधा औषधे असे सर्व संरक्षण एकत्रित देते. त्यासाठी भाग ए व भाग बी हे दोन्ही असणे आवश्यक आहे. या योजनांचा हप्ता अनेकदा कमी किंवा शून्य असतो. मात्र डॉक्टर व रुग्णालये योजनेच्या जाळ्यातील असावी लागतात. जाळ्यावर आधारित अशा एकत्रित योजनेत असलेल्या व्यक्तीने स्वतंत्र औषध योजनेत नाव नोंदवल्यास ॲडव्हान्टेज योजनेतील सदस्यत्व आपोआप रद्द होते. पुढे मूळ मेडिकेअरकडे परतून मेडिगॅप घ्यावयाचे झाल्यास बहुतेक राज्यांत विमा कंपनी आरोग्याची पूर्वस्थिती तपासून नकार देऊ शकते. म्हणून औषधांच्या हप्त्यातील किरकोळ फरकावरून हा मार्ग निवडणे दीर्घकाळात महाग पडू शकते.

रुग्णालयात किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरेवाटे दिली जाणारी बहुतांश औषधे भाग डी मध्ये येत नाहीत. त्यांचा खर्च भाग ए किंवा भाग बी मधून होतो.

## खर्चाची रचना

लाभार्थ्याचा वार्षिक खर्च प्रामुख्याने तीन घटकांचा बनतो.

- हप्ता : दरमहा कंपनीला द्यावयाची रक्कम. औषधे घेतली नाहीत तरी ती भरावी लागते.
- डिडक्टिबल : वर्षाच्या प्रारंभी विमा लागू होण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसावयाचा खर्च. २०२६ मध्ये तो ६१५ डॉलरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. काही योजनांत तो शून्य असतो, तर काहींत केवळ महागड्या औषधांना लागू होतो.
- रुग्णाचा वाटा : प्रत्येक खरेदीच्या वेळी द्यावयाची ठरावीक रक्कम (को-पेमेंट) किंवा किमतीची टक्केवारी. प्रमाणित रचनेत हा वाटा २५ टक्के असतो.

डिडक्टिबल व रुग्णाचा वाटा यांची बेरीज २०२६ मध्ये २,१०० डॉलरवर पोहोचली की उरलेल्या वर्षात समाविष्ट औषधांसाठी काहीही द्यावे लागत नाही. हप्त्याची रक्कम आणि औषधसूचीत नसलेल्या औषधांचा खर्च या मर्यादेत धरला जात नाही. वर्षाच्या पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम भरावी लागू नये म्हणून हा खर्च वर्षभरात विभागून भरण्याची सोय २०२५ पासून सर्व योजनांना द्यावी लागते. तिच्यावर व्याज नसते. तसेच तिच्यामुळे एकूण खर्च कमीही होत नाही.

अधिक उत्पन्न असलेल्यांना हप्त्याव्यतिरिक्त अधिभार भरावा लागतो. २०२६ साठी ही सीमा एकट्या व्यक्तीस १,०९,००० डॉलर व संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यास २,१८,००० डॉलर आहे. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे, म्हणजे २०२४ चे उत्पन्न पाहिले जाते. निवृत्तीमुळे उत्पन्न घटले असल्यास सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो.

## औषधसूची व निर्बंध

प्रत्येक योजनेची स्वतःची औषधसूची असते. सूचीतील औषधे स्तरांमध्ये विभागलेली असतात. खालच्या स्तरावर स्वस्त जेनेरिक औषधे, त्यावर पसंतीची ब्रँडेड औषधे, त्यानंतर इतर ब्रँडेड औषधे आणि सर्वांत वर विशेष उपचारांची महागडी औषधे असतात. एकच औषध एका योजनेत दुसऱ्या, तर दुसऱ्या योजनेत चौथ्या स्तरावर असू शकते.

नियमांनुसार प्रत्येक औषधप्रकारात किमान दोन औषधे उपलब्ध असावी लागतात. कर्करोग, एचआयव्ही, अपस्मार, नैराश्य व मनोविकार यांवरील औषधे, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतर घ्यावयाची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे अशा सहा संरक्षित वर्गांत जवळजवळ सर्व औषधे समाविष्ट करणे बंधनकारक आहे. केवळ वजन कमी करण्यासाठी, केस वाढवण्यासाठी किंवा साध्या सर्दी-खोकल्याच्या लक्षणांसाठी दिलेली औषधे आणि चिठ्ठीविना मिळणारी औषधे कायद्यानेच वगळली आहेत.

औषध सूचीत असले तरी त्यावर निर्बंध असू शकतात. काही औषधांसाठी कंपनीची पूर्वपरवानगी लागते. काहींच्या बाबतीत आधी स्वस्त पर्याय वापरून तो निरुपयोगी ठरल्याचे दाखवावे लागते. काहींच्या मासिक प्रमाणावर मर्यादा असते. सूचीत नाव सापडल्यावर त्यापुढील निर्बंधांच्या खुणाही तपासणे त्यामुळे आवश्यक ठरते.

## योजनेची निवड

योजना निवडताना सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे केवळ मासिक हप्त्याची तुलना करणे. योग्य माप म्हणजे त्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष औषधांसाठी हप्ता, डिडक्टिबल व रुग्णाचा वाटा मिळून होणारा वर्षाचा एकूण खर्च.

पुढील उदाहरणातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. ‘क’ योजनेचा हप्ता महिन्याला ५ डॉलर आणि ‘ख’ योजनेचा ४५ डॉलर आहे. एखादी व्यक्ती तीन जेनेरिक गोळ्या व रक्त पातळ करणारे एक ब्रँडेड औषध घेते. डिडक्टिबल व रुग्णाचा वाटा धरून तिला औषधांपोटी ‘क’ मध्ये वर्षाला १,१५० डॉलर, तर ‘ख’ मध्ये ४८० डॉलर द्यावे लागतात. हप्ते मिळवल्यावर ‘क’ योजनेचा एकूण खर्च १,२१० डॉलर आणि ‘ख’ योजनेचा १,०२० डॉलर होतो. म्हणजे नऊपट हप्त्याची योजना १९० डॉलरने स्वस्त ठरते. तिच्या जोडीदाराला केवळ जेनेरिक गोळ्या लागत असून त्या दोन्ही योजनांत विनामूल्य असतील, तर त्याचा खर्च ‘क’ मध्ये ६० व ‘ख’ मध्ये ५४० डॉलर येतो. भाग डी ची योजना प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र असते आणि पती-पत्नींनी एकच योजना घेण्याचे बंधन नसते.

तुलनेसाठी पुढील माहिती हाताशी असावी लागते.

- प्रत्येक औषधाचे अचूक नाव, मात्रा, स्वरूप (गोळी, कॅप्सूल, इंजेक्शन) व महिन्याला लागणारे प्रमाण.
- नेहमीची औषधाची दुकाने. बहुतेक योजना काही दुकानांना ‘पसंतीचे’ ठरवतात व तेथे रुग्णाचा वाटा कमी असतो. तीन महिन्यांची औषधे टपालाने मागवणे काही वेळा स्वस्त पडते.
- नजीकच्या काळात सुरू किंवा बंद होण्याची शक्यता असलेली औषधे, याविषयी डॉक्टरांचे मत.
- योजनेचे गुणांकन. सरकार सेवा, तक्रारी आदी निकषांवर एक ते पाच तारे देते.

मेडिकेअरच्या अधिकृत संकेतस्थळावर औषधांची यादी व दुकानांची नावे भरल्यास उपलब्ध योजना अंदाजे वार्षिक खर्चानुसार लावून पाहता येतात. प्रत्येक राज्यात ‘शिप’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा आरोग्य विमा साहाय्य कार्यक्रम आहे. तेथील समुपदेशक विनामूल्य मदत करतात व कोणत्याही कंपनीची योजना विकत नाहीत. विमा दलालांना मात्र कंपन्यांकडून कमिशन मिळते आणि ते सर्वच कंपन्यांच्या योजना दाखवतील असे नसते.

## नोंदणीचे काळ व उशिराचा दंड

पहिला नोंदणी काळ सात महिन्यांचा असतो: ६५ वा वाढदिवस असलेला महिना, त्याआधीचे तीन व नंतरचे तीन महिने. त्यानंतर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात योजना घेता किंवा बदलता येते व बदल १ जानेवारीपासून लागू होतो. पुढील वर्षातील बदलांची सूचना कंपनीने ३० सप्टेंबरपर्यंत पाठवणे आवश्यक असते. मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या सदस्यांना १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात एकदा बदलाची संधी मिळते. नोकरीतील विमा संपणे किंवा योजनेच्या कार्यक्षेत्राबाहेर स्थलांतर होणे अशा प्रसंगी विशेष नोंदणी काळ मिळतो.

पहिला नोंदणी काळ संपल्यानंतर सलग ६३ किंवा अधिक दिवस औषधविमा नसेल, तर पुढे नोंदणी करताना दंड लागतो. विमा नसलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय आधार हप्त्याच्या एक टक्का अशी त्याची आकारणी होते. २०२६ साठी आधार हप्ता ३८.९९ डॉलर आहे. ४० महिने उशीर झालेल्या व्यक्तीला त्यानुसार दरमहा १५.६० डॉलर जादा द्यावे लागतात. हा दंड एकदाच भरून संपत नाही. भाग डी चे संरक्षण असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, तो लागू राहतो आणि आधार हप्ता वाढला की दंडही वाढतो. सध्या एकही औषध न घेणाऱ्या व्यक्तीनेही ६५ व्या वर्षी अल्प हप्त्याची योजना घ्यावी असा सल्ला दिला जातो, तो याच कारणामुळे.

## निवृत्तांसाठी पूर्वीच्या नोकरीतील विमा

अनेक निवृत्तांना पूर्वीच्या मालकाकडून किंवा कामगार संघटनेकडून औषधविमा मिळतो. असा विमा सरासरीने भाग डी इतकेच किंवा अधिक संरक्षण देत असेल, तर तो ‘समकक्ष’ मानला जातो व तो असेपर्यंत दंड लागत नाही. विमा समकक्ष आहे की नाही, याचे लेखी पत्र मालकाने दरवर्षी १५ ऑक्टोबरपूर्वी देणे बंधनकारक आहे. हे पत्र जपून ठेवणे महत्त्वाचे असते. काही वर्षांनी भाग डी घेताना तोच पुरावा ठरतो. माजी सैनिकांना मिळणारे औषध संरक्षण व लष्करी निवृत्तांची ट्रायकेअर योजना ही समकक्ष मानली जातात.

समकक्ष विमा असताना स्वतंत्रपणे भाग डी मध्ये नोंदणी केल्यास पूर्वीच्या मालकाचा विमा रद्द होऊ शकतो. काही ठिकाणी औषधांबरोबर संपूर्ण आरोग्य विमा जातो, जोडीदाराचे व अवलंबितांचे संरक्षणही संपते आणि ते पुन्हा मिळत नाही. त्यामुळे कोणतीही नवी योजना घेण्याआधी पूर्वीच्या मालकाच्या लाभ विभागाकडे विचारणा करणे आवश्यक मानले जाते.

## अल्प उत्पन्न गटासाठी साहाय्य

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत व मालमत्ता ठरावीक मर्यादेत असलेल्यांना ‘एक्स्ट्रा हेल्प’ हे साहाय्य मिळते. राहते घर व गाडी मालमत्तेत धरली जात नाही. अर्ज सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे करावा लागतो; मेडिकेडचे लाभार्थी मात्र आपोआप पात्र ठरतात. पात्र व्यक्तींना डिडक्टिबल व उशिराचा दंड माफ असतो. २०२५ मध्ये त्यांना एका जेनेरिक औषधासाठी जास्तीत जास्त ४.९० डॉलर व ब्रँडेड औषधासाठी १२.१५ डॉलर द्यावे लागत.

## अपवाद व अपील

नवीन योजनेत गेल्यावर चालू औषध तिच्या सूचीत नसल्याचे आढळल्यास पहिल्या ९० दिवसांत एकदा महिनाभराचा तात्पुरता पुरवठा मिळतो. या अवधीत डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषध घेता येते किंवा अपवादाची मागणी करता येते. डॉक्टरांनी औषधाची आवश्यकता लेखी मांडल्यावर कंपनीला ७२ तासांत, तातडीच्या प्रसंगी २४ तासांत निर्णय द्यावा लागतो. नकार मिळाल्यास अपिलाचे पाच टप्पे आहेत. पहिल्यात कंपनीच फेरविचार करते, दुसऱ्यात स्वतंत्र संस्था तपासणी करते आणि शेवटचा टप्पा संघीय न्यायालयाचा असतो.

## संशोधन व टीका

जेसन अबलक व जोनाथन ग्रुबर यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वृद्ध लाभार्थी योजना निवडताना पुढे होणाऱ्या औषधखर्चापेक्षा हप्त्याला कितीतरी अधिक महत्त्व देतात आणि बहुतेकांना आपल्यासाठी सर्वांत स्वस्त योजना निवडता येत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लाभार्थ्यांना त्यांच्या औषधांनुसार योजनांच्या खर्चाची तुलना करणारे पत्र पाठवण्यात आले. त्यांपैकी २८ टक्क्यांनी योजना बदलली, तर केवळ सर्वसाधारण माहिती मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. कीथ एरिक्सन यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की कंपन्या नवीन योजना कमी हप्त्याने बाजारात आणतात आणि लाभार्थी सहसा बदल करत नाहीत हे जाणून पुढील वर्षांत हप्ते वाढवतात.

स्पर्धेमुळे लाभार्थ्याला स्वतःच्या गरजेप्रमाणे पर्याय मिळतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. दरवर्षी डझनभर सूच्या पडताळण्याचे काम नेमके वाढत्या वयात व आजारपणात करावे लागते आणि स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ते झेपत नाही, असा आक्षेप टीकाकार घेतात.

## भारतातून आलेले ज्येष्ठ

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी भाषकांसह अनेक भारतीय कुटुंबांत मुलांकडे राहायला आलेले आई-वडील असतात. पर्यटक व्हिसावर आलेली व्यक्ती मेडिकेअरला पात्र नसते. ग्रीन कार्डधारक ज्येष्ठांना अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून मेडिकेअर घेता येते; त्यांचा पहिला नोंदणी काळ ही पाच वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास येतो. स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत सुमारे दहा वर्षे कर भरून काम केले असल्यास भाग ए साठी हप्ता लागत नाही. भारतातील नोकरीची वर्षे यात मोजली जात नाहीत.

भाग डी चे संरक्षण अमेरिकेबाहेर घेतलेल्या औषधांना लागू होत नाही. भारतात खरेदी केलेल्या औषधांचा खर्च परत मिळत नाही आणि तो वार्षिक मर्यादेतही धरला जात नाही. वर्षातील काही महिने भारतात घालवणाऱ्यांना त्यामुळे प्रवासापूर्वी योजनेकडे अधिक दिवसांच्या पुरवठ्याबाबत विचारणा करावी लागते. परदेशात कायम वास्तव्य असणाऱ्याला भाग डी घेता येत नाही. अमेरिकेत परतल्यानंतर त्याला दोन महिन्यांचा विशेष नोंदणी काळ मिळतो.